अडकलेला ठेका

अण्णांच्या आजाराची पहिली नोंद त्यांच्याच हातची आहे, आणि ती रोजमेळात आहे. त्रिशूरला त्यांचं गलाईचं दुकान होतं. माण, खटाव, खानापूर, आटपाडी या पट्ट्यातल्या दुष्काळानं माणसं अशीच देशभर पांगवली. कुणी मेंढरं घेऊन बाहेर पडलं, कुणी मूस आणि भट्टी घेऊन केरळ-तमिळनाडू गाठलं. सराफांकडची मोड वितळवायची, शुद्ध करायची, टंच काढून द्यायचा. या धंद्यात हिशेब कणभर चुकून चालत नाही, म्हणून अण्णांचं अक्षर ठसठशीत. पण एका सालापासूनच्या वह्या चाळल्या की दिसतं, ओळीच्या सुरुवातीला अक्षर ठीक आहे आणि उजवीकडं जाता जाता ते बारीक होत गेलंय. त्यापुढच्या वहीत अख्खी ओळच बारीक. आकडा वाचायला भिंग लागावं अशी.

थरथर त्यानंतर आली. तीही आधी उजव्या हाताला, आणि हात मोकळा मांडीवर असताना. चिमट्यात सोन्याची कणी धरून हात काट्याकडं नेला की थरथर थांबायची. पारड्यावर हात स्थिर धरून ठेवला की काही क्षणांनी पुन्हा सुरू व्हायची. सेकंदाला चार-पाच झटके, एका लयीत. गिऱ्हाइकाचं लक्ष काट्याऐवजी अण्णांच्या बोटांकडं जायला लागलं, तेव्हा त्यांनी दुकान मुलावर सोपवलं आणि गावी आले.

मी त्यांचा धाकटा भाऊ. दहिवडीत मोटारी रिवायंडिंग करतो. माणमध्ये वीज कमी दाबानं येते, त्यामुळं जळालेल्या मोटारींचा तोटा नाही. अण्णांच्या डोक्यात तारा बसवल्या त्याला आता बरीच वर्षं झाली, तरी दुकानावर मोटार घेऊन येणारा एखादा तरी विचारतोच, “अण्णांच्या डोक्यात करंट सोडलाय म्हणं?” सोडलाय. पण तो काय करतो हे टेबलावर मोटार उघडी असताना सांगून होत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

अण्णांना झालेला कंपवात हा आजार आयुर्वेदाला ठाऊक होता. लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरनं १८१७ साली सहा रुग्णांवरून त्याचं नीट वर्णन केलं, म्हणून जगात त्याला त्यांचं नाव. मेंदूच्या खोडाशी काळसर पेशींचा एक पट्टा असतो, सबस्टॅन्शिया नायग्रा. तिथल्या पेशी डोपामीन नावाचं रसायन बनवतात. त्या हळूहळू मरतात. थरथर डोळ्यांना दिसेपर्यंत निम्म्याहून जास्त पेशी गेलेल्या असतात. आर्विड कार्लसन यांनी १९५७ मध्ये डोपामीनचं महत्त्व दाखवलं, पुढं त्यांना नोबेल मिळालं. १९६० मध्ये व्हिएन्नात कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत डोपामीन फार कमी असल्याचं सापडलं. मग सरळ उपाय होता, डोपामीन द्या. ते रक्तातून मेंदूत शिरत नाही, पण लेव्होडोपा शिरतं आणि आत जाऊन डोपामीन बनतं. १९६७ नंतर ती गोळी जगभर पसरत गेली. यातली आपल्याकडची गोष्ट अशी, की हेच लेव्होडोपा खाजकुइलीच्या बियांमध्ये असतं. अंगाला लागली तर माणूस नाचायला लागतो ती खाजकुइली. मद्रासमधल्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ सालीच ते तिच्यातून वेगळं काढून दाखवलं होतं.

गोळीनं अण्णांना काही वर्षं अगदी झकास दिली. नंतर गोळीचा अंमल आखडत गेला. सकाळची गोळी दुपारपर्यंत पुरायची ती दोन तासांत उतरायला लागली. उतरली की माणूस खुर्चीत लाकडासारखा. चढली की उलट, मान-खांदे आपोआप पिळवटल्यासारखे हलत राहायचे. वहिनींनी भिंतीवर घड्याळ लावलं आणि घर त्या घड्याळावर चालू लागलं. कुणी पाहुणा येणार असेल तर वहिनी आधी विचारायच्या, “कितीला येताय?”

इथवर मीही असंच धरून चाललो होतो की मेंदूत एक रसायन कमी पडतंय, टाकी रिकामी होतीय. डॉक्टरांनी सांगितलेली पुढची गोष्ट मला जास्त पटली, कारण ती ऐकताना मला गजी आठवली.

आमच्याकडच्या यात्रांत धनगरांचे गजी मंडळ खेळतात. मध्ये ढोल आणि कैताळ, भोवती हातात रुमाल घेऊन फेर. ढोलाची चाल बदलली की फेर बदलतो. पाय कुठं टाकायचा, कधी वळायचं, बसायचं, उडी घ्यायची, हे सगळं त्या बदलण्यावर चालतं. आता अशी कल्पना करा, की सगळे ढोल एकाच ठेक्यावर अडकले. जोरात वाजतायत, पण तोच ठोका, पुन्हा तोच. म्होरक्या खूण करतोय आणि ती कुणाच्या कानावर जात नाही. फेरातली माणसं धडधाकट आहेत, पायात ताकद आहे, पण पुढचं पाऊल पडत नाही. कंपवातात हालचालीच्या जाळ्याचं असं होतं.

जाळं म्हणजे काय, तर मेंदूच्या वरच्या सालीत हालचाल ठरवणारे भाग आहेत. तिथून निरोप खाली खोलात जातो, काही गाठींमधून फिरतो, थॅलॅमसमध्ये येतो आणि पुन्हा वर सालीकडं जातो. हा फेरा दिवसभर चालू असतो. या गाठींपैकी एक थॅलॅमसच्या खाली आहे, सबथॅलॅमिक न्यूक्लिअस. आकारानं जेमतेम सेंटीमीटरभर, डावीकडं एक, उजवीकडं एक. तिचं काम थांबवण्याचं. वरच्या सालीतून तिच्याकडं एक थेट वाटही येते, मधल्या गाठी टाळून, कारण थांबायचं असेल तर निरोप लवकर पोचावा लागतो.

या सगळ्या भागांतल्या पेशींच्या एकत्र वाजण्याला लहरी म्हणतात. सेकंदाला १३ ते ३० या पट्ट्यातल्या लहरींना बीटा म्हणतात. निरोगी माणूस हात स्थिर धरतो तेव्हा बीटा वाढते आणि हात उचलायच्या जरा आधी ती खाली येते. म्हणजे ठेका सोडला जातो आणि मग हालचाल होते. कंपवाताच्या रुग्णात डोपामीन कमी पडल्यानं ही बीटा सुटत नाही. सबथॅलॅमिक न्यूक्लिअस आणि वरची साल दोन्ही तिच्यात गुंतून पडतात. लंडनच्या पीटर ब्राउन यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी रुग्णांच्या मेंदूत बसवलेल्या तारांमधूनच हे मोजलं. लेव्होडोपा घेतलं की बीटा उतरते, आणि ती जितकी उतरते तितका अंगाचा ताठरपणा आणि मंदपणा कमी होतो. थरथरीचा ठेका मात्र वेगळा आहे, खूप सावकाश, सेकंदाला चार ते सहा. तो जाळ्याच्या जरा दुसऱ्या वाटेनं फिरतो. काही रुग्ण जास्त थरथरतात आणि काही जास्त आखडतात, ते बहुधा यामुळंच.

तारेचा उपाय कुणी आधी कागदावर मांडला नव्हता. पूर्वी शल्यविशारद थॅलॅमसमधला एक बारीक ठिपका जाळून थरथर थांबवत. फ्रान्समधल्या ग्रेनोबल गावी आलीम-लुई बेनाबिद हे १९८७ मध्ये असाच ठिपका जाळण्याआधी जागा बरोबर आहे का ते बघायला वीज सोडून तपासत होते. सेकंदाला शंभरच्या आसपास झटके दिले तेव्हा थरथर थांबली. वीज बंद केली, पुन्हा सुरू झाली. मग जाळायचं कशाला? तिकडं अमेरिकेत निराळीच कहाणी चालली होती. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियातली काही तरुण व्यसनी मुलं एकाएकी कंपवाताच्या म्हाताऱ्या रुग्णांसारखी गोठली, कारण त्यांच्या भेसळीच्या मालात सबस्टॅन्शिया नायग्रा मारणारं एक विष होतं. त्या विषानं माकडांत कंपवात निर्माण करता यायला लागला, आणि १९९० मध्ये मेहलॉन डिलाँग यांच्या गटानं दाखवलं की अशा माकडातली सबथॅलॅमिक न्यूक्लिअस निकामी केली तर ते पुन्हा हालचाल करू लागतं. दोन्ही धागे जुळले. १९९३ मध्ये ग्रेनोबललाच माणसाच्या या गाठीत पहिली तार गेली. भारतात ही शस्त्रक्रिया गेल्या शतकाच्या अखेरीस आली. मुंबईच्या जसलोक रुग्णालयातले डॉ. परेश दोशी हे ती इथं रुजवणाऱ्यांतलं पहिल्या फळीतलं नाव.

अण्णांची शस्त्रक्रिया मुंबईतच झाली. आदल्या रात्रीपासून गोळ्या बंद, कारण आजार पूर्ण अंगात असल्याशिवाय तार नीट बसली का हे कळत नाही. ती रात्र वाईट होती. कूस बदलायलासुद्धा दोघं लागत. सकाळी डोक्यावर स्क्रूनं धातूची चौकट बसवली, एमआरआय आणि सीटी एकावर एक ठेवून संगणकानं वाट आखली. डोक्याला दोन भोकं, आणि अण्णा जागे. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. बारीक सुईसारखी तार खाली जाताना पेशींचा आवाज स्पीकरवर येतो. अण्णा सांगतात, आधी नुसती खरखर, मग एका जागी आवाज एकदम दाटला आणि त्यात मध्येच गुर्र-गुर्र अशी लय आली. “माझ्या हाताबरोबर वाजत हुती,” ते म्हणाले. थरथरीच्या लयीत वाजणाऱ्या पेशी या गाठीत खरोखरच सापडतात. डॉक्टर ऐकूनच ओळखतात की जागा आली.

मग कायमची तार. जाडी सव्वा मिलिमीटर, टोकाला धातूची चार बारीक वळी. हिच्यातून वीज सोडून डॉक्टरांनी मनगट फिरवायला लावलं, आकडे म्हणायला लावले. चेहरा एका बाजूला ओढला गेला किंवा जीभ जड झाली तर वीज शेजारच्या पट्ट्यात सांडतेय असं समजायचं. दोन्ही बाजूंच्या तारा झाल्यावर भूल देऊन हासळीच्या हाडाखाली बॅटरी बसवली आणि मानेतून, कातडीखालून तारा तिला जोडल्या. मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका थोडा असतो, पण असतो. जंतुसंसर्गाचाही. आम्ही सही करताना दोन्ही वाचून घेतलं होतं.

यंत्र चालू केलं ते जखमा भरल्यावर, काही आठवड्यांनी. माझ्या धंद्यातला माणूस तिथं आकडे सोडून दुसरं काय बघणार? माझ्या मोटारीला २३० व्होल्ट आणि सेकंदाला ५० आवर्तनं. अण्णांच्या मेंदूला तीन व्होल्टच्या आत, सेकंदाला १३० झटके, आणि एकेक झटका ६० मायक्रोसेकंदांचा. इतक्यावर माणूस उठून उभा राहतो. थरथर काही सेकंदांत विरली. मनगटाचा ताठरपणा त्याच बैठकीत सैल झाला. चाल सुधारायला पुढचे काही दिवस गेले. हा क्रम बहुतेकांत असाच असतो. जाळ्यातले वेगवेगळे फेरे वेगवेगळ्या वेगानं सुटतात, त्याचा हा पुरावा मला वाटतो.

तीन व्होल्ट नेमकं काय करतात यावर शास्त्रज्ञांचा वाद मिटलेला नाही. आधी वाटत होतं की वीज गाठीला गप्प बसवते, जाळण्यासारखंच. पण पेशींतून निघणारे धागे तर या झटक्यांनी पेटतात, आणि थेट वाटेनं वरच्या सालीपर्यंत उलटेही जातात. आज जास्त मान्य असलेली समजूत अशी, की जलद आणि एकसारखे झटके अडकलेल्या ठेक्याला टिकू देत नाहीत. सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉक्टरांनी २०१५ मध्ये दाखवलं की खोलातल्या तारेत वीज सुरू केली की वर सालीतला अतिरेकी एकजीवपणा कमी होतो. म्हणजे तार एका ठिपक्यात, परिणाम सगळ्या फेऱ्यावर. बर्लिन आणि वुर्झबर्गच्या ९५ रुग्णांवरचा २०१७ चा अभ्यास आणखी पुढं गेला. ज्यांची तार हालचालीची आखणी करणाऱ्या सालीच्या भागाशी पक्की जोडलेल्या जागी पडली होती, त्यांना गुण जास्त आला. डॉक्टर तार ठिपक्यात घालतात, पण खरं तर ते एक जोडणी शोधत असतात.

आणि ही जोडणी नुसती हालचालीची नाही. सबथॅलॅमिक न्यूक्लिअसचा वरचा-बाहेरचा भाग हालचालीच्या फेऱ्यात आहे, खालचा-आतला भाग भावना आणि निर्णयाच्या फेऱ्यात. थांबवायचं काम ती तिथंही करते. ते आम्हाला खरसुंडीच्या पौष यात्रेत दिसलं.

खिलार जनावरांचा बाजार. तिथं सौदा अजून रुमालाखाली चालतो. दलाल आणि गिऱ्हाईक हातात हात घालतात, वर रुमाल पडतो, आणि बोटं दाबून किंमत सांगितली जाते. आजारानंतर अण्णांना ते जमत नव्हतं, थरथरत्या बोटांची भाषा दलालाला कळेना. ऑपरेशननंतरच्या पहिल्या यात्रेत त्यांनी हात पुढं केला आणि रुमालाखाली बोटं अशी नीट, ठाम चालली की मी बघतच राहिलो. दोन दाबांत खोंडाचा सौदा ठरला. तिथंच माझ्या पोटात गोळा आला. खोंडाचे दात बघितले नव्हते, चालवून बघितला नव्हता. हाच माणूस पूर्वी एका जनावराभोवती अर्धा दिवस घिरट्या घालायचा. घरी आल्यावर वहिनी म्हणाल्या, “आधी हात हलत हुता, आता हात आवरंना झालाय.”

त्याच काळात अण्णा बोलायलाही घाईचे झाले होते, चटकन चिडायचे. मायकेल फ्रँक यांच्या गटानं २००७ मध्ये हे प्रयोगात दाखवलंय. दोन पर्याय अगदी तुल्यबळ असले की आपण क्षणभर थबकतो. या गाठीत वीज चालू असलेले रुग्ण उलट अशाच वेळी घाई करतात. आम्ही खोंडाची हकीकत डॉक्टरांना सांगितली. ते हसले, पण लगेच त्यांनी चार वळ्यांपैकी खालचं बंद करून वरचं चालू केलं आणि वीज जराशी उतरवली. काही आठवड्यांत अण्णा पुन्हा घिरट्या घालणारे झाले. घरच्यांनी अशा गोष्टी मनात ठेवू नयेत. डॉक्टर हाताकडं बघतात, सौदा ते बघत नाहीत.

जे सुधारलं नाही तेही सांगतो, कारण दुकानावर येणाऱ्यांची आशा मोठी असते. आवाज बारीक होता तो बारीकच राहिला, उलट थोडा अस्पष्ट झाला. तोल पूर्ण आला नाही. पेशी मरायच्या थांबल्या नाहीत, तार त्यांना वाचवत नाही. ढोबळ नियम असा, की लेव्होडोपाच्या चांगल्या अंमलात जे सुधारतं, तेच तारेनं सुधारतं. थरथर तेवढी अपवाद, ती गोळीला दाद देत नसली तरी तारेला देते. म्हणून शस्त्रक्रियेआधी गोळी बंद करून आणि मग देऊन चाचणी घेतात. गोळीनं काहीच फरक पडत नसेल तर बहुधा आजारच वेगळा असतो आणि तारेवरचा खर्च वाया जातो. विसराळूपणा फार वाढलेला असेल तरीही डॉक्टर नको म्हणतात. अण्णांच्या गोळ्या निम्म्यावर आल्या, अंग पिळवटणं जवळजवळ गेलं, वहिनींचं घड्याळ सुटलं. आमचे काही लाख रुपये आणि एक शेताचा तुकडा गेला. मला विचाराल तर सौदा चांगला झाला.

उंबऱ्याशी पाय चिकटणं मात्र राहिलं. दारात आले की अण्णा खिळल्यासारखे उभे. त्यावर इलाज पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळातल्या एका मावशींनी सांगितला. वहिनींनी उंबऱ्याच्या अलीकडं पांढऱ्या ऑइलपेंटचे पट्टे मारले, एकेका पावलाच्या अंतरावर. पट्टा ओलांडायचा म्हटलं की पाय उचलतो. बाहेरची खूण किंवा बाहेरचा ताल मिळाला की मेंदू अडकलेली आतली वाट सोडून दुसऱ्या वाटेनं हालचाल करतो. पुण्यात नर्तक हृषीकेश पवार कंपवाताच्या रुग्णांसाठी नाचाचे वर्ग घेतात ते याच जोरावर. अण्णांना आमच्याकडं दुसरा वर्ग लागत नाही. ढोल-कैताळ सुरू झाले की ते फेराच्या कडेला चालतात, आणि घरच्या अंगणापेक्षा बरे चालतात.

काही गोष्टी मात्र कटाक्षानं पाळाव्या लागतात. फिजिओथेरपीत शॉर्टवेव्ह डायथर्मी नावाचा शेक असतो, तो या रुग्णाला कधीही द्यायचा नाही. तारेच्या टोकाशी उष्णता साचून मेंदूला गंभीर इजा झाल्याचे प्रकार परदेशात नोंदले गेलेत. कंबर दुखली म्हणून तालुक्याच्या गावी कुणी सहज हा शेक लावेल, म्हणून यंत्राचं कार्ड खिशात हवं. देवळातल्या मेटल डिटेक्टरच्या चौकटीपाशी तेच कार्ड दाखवून बाजूनं जायचं. एमआरआय आधी विचारल्याशिवाय करायचा नाही. वेल्डिंगपासून लांब राहायचं, त्यामुळं अण्णा आले की मी शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याला हाक मारून काम थांबवायला सांगतो. तो बिचारा थांबवतो.

आता बॅटरी बदलायची वेळ आलीय. साधी बॅटरी तीन ते पाच वर्षं चालते, मग हासळीखाली छोटं ऑपरेशन करून नवी घालतात. मेंदूतल्या तारांना हात लावावा लागत नाही. रिचार्ज होणारी पंधरा वर्षं चालते, पण कातडीवरून चार्जर लावून तिला नियमानं वीज द्यावी लागते. शिवाय आता नवी यंत्रं आलीत, जी तारेतूनच बीटा ऐकतात आणि ठेका अडकायला लागला की वीज वाढवतात, सुटला की कमी करतात. जपानमध्ये २०२० मध्ये आणि अमेरिकेत २०२५ मध्ये त्यांना परवानगी मिळाली. मला ते यंत्र फार आवडलं, अण्णांना त्याची किंमत आवडली नाही. तीन दिवस घिरट्या घातल्यावर त्यांनी रिचार्जवाली ठरवली. वहिनींचा एकच प्रश्न होता, आमच्याकडं लाइट कधी असते? त्यावर मी दुकानातला इन्व्हर्टर त्यांच्या घरी नेऊन बसवला.